मावशींची कापसाची बाजू

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात मी नवी होते. माहेर कोकणात, शाळा सातवीत सुटलेली, हे सतत ड्यूटीवर. पोरगी तान्ही असताना माझ्या डाव्या थानात गाठ आली. लाल, कढत. चाळीतल्या बायका म्हणाल्या, दूध साकळलंय, फणी फिरव. लाकडी फणी शेकून मी फिरवत राहिले. गाठ हलेना, वर ताप चढला.

माझ्या मनात दुसरंच होतं. शेजारच्या मावशींचं डावं थान कॅन्सरमुळे काढलेलं. कापडात कापूस शिवून त्या चोळीत भरायच्या. त्यांचंही गाठीपासूनच सुरू झालं होतं. पोरीला पाजावं तर तिला बाधेल का, न पाजावं तर ती आकांत करते. उठत होते, बसत होते, पुन्हा गाठ चाचपत होते.

मावशींनी हेरलंच. "काय चाचपायलीस गं सारखं?"

सांगितलं.

"अन् फणी फिरवायलीस व्हय? ऊठ, परभणीला जाऊ."

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्यांचा भरवसा नव्हता, म्हणून रेल्वेनं गेलो. डॉक्टरीणबाई होत्या, पण कंपाउंडर दारातच उभा. "कुठं दुखतंय?" बाईंनी विचारलं. माझा पदर सुटेना, तोंड उघडेना.

दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, ते चिकटतं म्हणतात. मावशी तर कुणाची जखम सांगतानाही भिंतीवर बोट ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी आपल्याच डाव्या बाजूवर हात ठेवला.

"हितं हाय बाई. हितून पार काखंपस्तोर." मग माझ्याकडे वळून, "बघायलीस काय? हितं नुसता कापूस हाय. त्याला काय व्हतंय?"

कंपाउंडर खाली मान घालून बाहेर गेला. मी पदर सोडला.

"जंतू शिरलेत, आत पू झालाय," बाई म्हणाल्या. चीर दिली, गोळ्या दिल्या. "कॅन्सरसारखं दिसत नाही. पण सूज उतरल्यावर गाठ राहिली तर लगेच यायचं. फणी फिरवत बसायचं नाही."

परतताना पोरगी मावशींच्या मांडीवर होती. भुकेनं त्यांच्या डाव्या बाजूला तोंड घासू लागली. "आगं येडे, तिकडचं दुकान बंद हाय!" मावशी हसल्या. मला हसू येईना.

हळूहळू माझी गाठ जिरली. पण जीव थाऱ्यावर येईना. माझं दुखणं त्यांनी अंगावर दाखवलं होतं, तेही माझ्यासाठी. रोज सकाळी नळावर मी हळूच विचारायची, "मावशी, उजवी बाजू बरी आहे ना?"

"तुझ्यापरीस बरी हाय. घागर उचल."