अठ्ठावन्न किलोची वैमानिक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चाळिशी ओलांडली. त्या वयात दुबईतल्या माझ्या मैत्रिणी योगाकडे नाहीतर सोन्याकडे वळल्या. मी विमानाकडे वळले. आठवडाभर रास अल खोरच्या ऑफिसात डिलिव्हरी नोटांवर शिक्के मारायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीत उम्म अल कुवैनच्या बाजूला जाऊन चार सीटचं विमान उडवायचं. लायसन्स हातात पडल्यावर तर मला वाटायला लागलं, की आकाशानं आता मला विचारून ढग आणावेत.

पण मला हवी होती वाळवंटातली एक आखूड धावपट्टी. धावपट्टी कसली, खजुराच्या बागेमागे रोलर फिरवून दाबलेली खडी आणि वाळू, पलीकडच्या टोकाला काटेरी झाडं. तिथं एकटीनं जायचं तर उस्तादांची सही लागे. उस्ताद म्हणजे माझे शिक्षक, लाहोरचे निवृत्त वैमानिक. मिशा भरघोस, शब्द मोजके.

"आज सब आप करेंगी, मॅडम जी. हिसाब भी, उडान भी. ठीक रहा तो साइन. खलास."

हिसाब म्हणजे वजनाचा. विमान जितकं जड तितकं ते जास्त धावतं, आणि इथं धावायला जागाच नव्हती. मी लिहिलं: उस्ताद ऐंशी, हौसेनं सोबत निघालेला नवरा सत्तर, मी अठ्ठावन्न. अठ्ठावन्न हे माझं लग्नातलं वजन. लग्नातल्या शालूसारखाच तो आकडाही मी जपून ठेवला होता. दोन्हीत मी मावत नव्हते, एवढंच.

बागेच्या राखणदाराकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पुरणपोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेतला. तो कागदावर लिहिला नाही. खाण्याच्या वस्तूंचंही वजन धरतात हे मला पटत नव्हतं.

उतरताना विमान जरा दाणकन टेकलं.

"उंटसुद्धा याहून हळू बसतो," मागच्या सीटवरून नवरा म्हणाला.

राखणदारानं पोळ्या आवडीनं खाल्ल्या. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत त्याच्याकडेही निघाली. त्यानं तो खजुरांनी ठासून भरला आणि वर एक पोतंही दिलं. मी नको नको म्हणत दोन्ही मागे ठेवून घेतलं.

परत निघालो. पट्टीच्या मध्यावर लाल फडकं बांधलेली काठी होती. तिथवर ठरलेला वेग आला नाही तर थांबायचं, वाद नाही. काठी आली, वेगाचा काटा खालीच. आज सही हुकणार हे दिसत होतं. येईल वेग, इन्शाल्ला, असं म्हणत मी क्षणभर विमान तसंच पुढे जाऊ दिलं. मग समोरच्या झाडांचे काटे दिसायला लागले आणि मी इंजिन मंद करून ब्रेक दाबले.

धूळ बसल्यावर उस्तादांनी माझ्या कागदाकडे बोट केलं.

"हिसाब सुनाइए, मॅडम जी."

मी वाचला. अठ्ठावन्नपाशी उस्ताद मोठ्या अदबीनं खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाग में चारा तोलने का काँटा है," ते म्हणाले.

गवताच्या गठ्ठ्यांच्या जागी मी उभी राहिले. राखणदारानं खणखणीत आवाजात आकडा सांगितला, "इकहत्तर!"

"अगं, मला लग्नापासून अठ्ठावन्नच सांगतेयस," नवरा म्हणाला.

"आता तुम्ही चढा."

"मी कशाला?"

"चढा म्हणते ना."

त्र्याऐंशी. त्यानंतर आम्हा दोघांनाही खजुराच्या बागेची शोभा फार बघावीशी वाटली.

सही झाली नाही. "रुकीं आप सही, लिखा ग़लत," एवढंच उस्ताद म्हणाले. नवरा, डबा आणि पोतं राखणदाराच्या पिकअपमधून घरी आले. मी आणि उस्ताद दोघंच उडालो, आणि लाल काठी यायच्या आतच चाकं उचलली. तेवढ्यानंही माझा जीव सुखावला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी घरचा वजनकाटा पिशवीत घालून नेला. आधी उस्तादांना उभं केलं, मग स्वतः उभी राहिले. पाण्याची बाटली, चपला, चिवड्याची पुडी, सगळं लिहिलं. शेवटची ओळ होती: वजनकाटा, दोन किलो. उस्तादांनी ती दोनदा वाचली. मिशा हलल्या, आणि खिशातून पेन निघालं.

नवरा त्या दिवशी आला नाही. त्याच्या मते ते विमानच फार लहान होतं.