दोन ब्रेकची गाडी

बाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "माझ्यावर लिहायचंच असेल तर लिही, पण साखर घालू नकोस." नाही घालणार. साखर मलाही चालत नाही आणि तुला तर ती कधी शोभलीच नाही. कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुझी खोड मला माहीत आहे: कुणी तुझी गोष्ट सांगायला लागलं की तू मध्येच तोडतेस, "तसं नव्हतं ते." म्हणून इथून पुढे मी तुला 'ती' म्हणणार आहे. दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून तरी शेवटपर्यंत ऐकशील.

तर, बाई. तिला सगळे बाईच म्हणत, कारण अर्ध्या शहरातल्या बायकांना तिने गाडी शिकवली होती. नवरा गेल्यावर घर चालवायला तिने हा उद्योग सुरू केला आणि पुढे त्यातच रमली. शिकवणीची गाडी लहानशी, करड्या रंगाची. चालकाच्या पायाशी असतो तसाच आणखी एक ब्रेक तिच्यात डाव्या सीटपुढे होता. दोन्ही एकाच दांडीने जोडलेले. एक दाबला की दुसरा आपसूक खाली जायचा. शिकणारीची गाळण उडाली की बाई आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायची, खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, "छान थांबवलीस." शिकणारीला वाटायचं, आपणच थांबवली. पुष्कळ जणींना ते अजून वाटतं. बाईची शिकवण्याची सगळी कला त्या दोन शब्दांत होती.

शिकवणी बंद केली, पाटी उतरवली, गाडी मात्र ठेवली. डाव्या बाजूचा ब्रेक काढायचा राहून गेला. त्या सीटवर आता वन्सं बसायच्या.

वन्सं म्हणजे बाईची धाकटी नणंद. लग्न केलं नाही, सूतगिरणीत धाग्याची प्रत तपासण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर भावजयीकडे राहायला आल्या त्या राहिल्याच. खुब्याचं हाड बदललेलं, त्यामुळे पायी फार चालता येत नसे. घर शहराच्या टोकाला, चढावर. बस खालच्या वळणापर्यंतच. बाजार, दवाखाना, वन्संचा पायाचा व्यायाम, सगळं त्या करड्या गाडीवर. मुलगा परगावी होता आणि दर रविवारी फोनवर एकच टेप लावायचा: "आई, गाडी बंद झाली की घर विकायचं आणि दोघींनी इकडे यायचं. ठरलंय हं." ठरवलं होतं फक्त त्याने. त्याच्या घरात बाईसाठी एक खोली होती आणि वन्संसाठी दिवाणखान्यातला सोफा. ते चित्र डोळ्यांपुढे आलं की बाई फोन आटोपता घ्यायची.

त्या सकाळी दोघी बाजारातून परतत होत्या. मोठ्या चौकातल्या गोलाला वळसा घालताना बाईने उजवीकडे पाहिलं, आरशात पाहिलं, समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. तिने ब्रेकवरचा पाय उचलला आणि त्याच क्षणी तिच्या तळव्याखालून ब्रेक आपसूक खाली गेला.

गाडी कचकन थांबली. डावीकडून एक सायकलवाली बोनेटला जवळजवळ घासून गेली. मागे वळून काहीतरी म्हणाली. काचा बंद होत्या, पण काय म्हणाली ते कळायला कान लागत नव्हते.

ती सायकल बाईला दिसलीच नव्हती. उशिरा दिसली असंही नाही. नव्हतीच, आणि मग एकदम होती.

शेजारी वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "छान थांबवलीत, वहिनी."

हे वाक्य बाईचं होतं. त्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला माहीत असणार? आणि ब्रेक असा पायाखालून जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. पावसाळ्यापासून होत होतं. प्रत्येक वेळी तिने मनाला बजावलं होतं, वन्संचा पाय चुकून लागला असेल. ती गप्प, त्याही गप्प. दोघींनी मिळून एक खोटं सांभाळलं होतं, लोक मांजर सांभाळतात तसं.

घरी आल्या तर फोन वाजत होता. विमावाली. ही बाईचीच जुनी विद्यार्थिनी. शिकताना स्वतःच्याच घराचं फाटक तिने आडवं केलं होतं आणि बहुधा म्हणूनच पुढे विम्याच्या धंद्यात शिरली. शिकवणी बंद केली तेव्हा वन्संनी मागे लागून तिच्याकडून बाईचा विमा काढवला होता, त्यात डोळ्यांचं वेगळं कलम. दर वर्षी तपासणी करायची. डोळ्याला काही झालं तर उपचार विम्यातून, आणि डोळ्यांमुळे गाडी हातातून सुटली तर तेवढ्या काळापुरता चालकसुद्धा. तेव्हा बाईने चिकार टिंगल केली होती. "आज डोळ्यांचा काढताय, उद्या नाकाचा काढाल." वन्सं म्हणाल्या होत्या, "नाक तुमचं मजबूत आहे. त्याची मला काळजी नाही."

"बाई, सत्तरी झाली की नजरेच्या कडांची तपासणीही लागते," विमावाली फोनवर म्हणाली. "मी तीनदा सांगितलं. शुक्रवार शेवटचा. नाही केलीत तर डोळ्यांचं कलम गळून पडेल, आणि या वयात नव्याने कुणी देणार नाही."

"बघते."

"बघते नको. जाते म्हणा."

बाईने फोन ठेवला आणि भाजी धुवायला घेतली. वन्सं दारात उभ्या राहिल्या. घरात कुणी दारात उभं राहिलं की समजावं, आता सुटका नाही.

"कधी जायचं?"

"वन्सं, मला सगळं स्वच्छ दिसतं. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचते मी."

"तक्ता समोर असतो."

"लायसनचं नूतनीकरण पुढच्याच महिन्यात आहे. त्यांना डोळ्यांचा दाखला लागतो. आज तपासणीत काही निघालं तर दाखला मिळणार नाही. मग काय करणार? सोफ्यावर झोपणार तुम्ही?"

"झोपेन."

"आणि नाही निघालं काही तर? उगाच का नख लावून बघायचं? तपासलं नाही तर काही कळणारही नाही."

"मला कळलंय ना," वन्सं म्हणाल्या. "माझ्या पायाला कळलंय."

नळ वाहत होता. बाईने तो बंद केला नाही. हातातली पालेभाजी ती धूत राहिली, पानं पार मलूल होईपर्यंत.

"मला रोज रात्री पोटरीत गोळे येतात," वन्सं म्हणाल्या. "गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत पाय त्या ब्रेकवर ताणून धरते. खुबा माझा बदललेला आहे, वहिनी. एखाद्या दिवशी पाय वेळेवर नाही पडला, तर? ती सायकलवाली कुणाची तरी लेक आहे."

बाईने नळ बंद केला. "शुक्रवारी," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी गाडी तिनेच चालवत नेली. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं आहे. वन्संचा पाय ब्रेकवर होता आणि आज त्यांनी तो लपवलाही नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यातली ती खोली काळोखी, लहान. टेबलावर पांढऱ्या अर्ध्या गोलासारखं यंत्र. आत हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर खिळवायची. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावरची मुलगी पोरसवदा, पण आवाजात जरब.

"आजी, नजर हलतेय."

"नाही हलत."

"मला इथे पडद्यावर दिसते. मध्ये बघा. शोधायला जाऊ नका."

पुन्हा सुरुवात. पुन्हा टिक टिक. पुन्हा तिचा आवाज, "आजी, मध्ये."

"अगं, मध्ये बघत बसणारा माणूस गाडी काय चालवणार? आरसा, आरसा, रस्ता. जन्मभर हेच शिकवलंय मी. नजर एका जागी ठेवली की मेलाच समज."

"इथे रस्ता नाहीये, आजी. अशाने तपासणी धरली जाणार नाही. कोरा कागद जाईल."

कोरा कागद. बाईच्या मनात चटकन येऊन गेलं: जाऊ दे की. नजर फिरवत राहिलं तर काही निघणारच नाही. शुक्रवार पाळला, तपासणीला आलो, यंत्राला जमलं नाही, आपला काय दोष? हनुवटी टेकवलेल्या अवस्थेत तिने हा सगळा हिशेब केला. बाहेर बाकावर वन्सं पोटरी चोळत बसल्या असतील, हेही तिला ठाऊक होतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. "आता नाही हलणार."

आणि तिने नजर खिळवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एका ठिकाणी पाहिलं आणि बाकीचं जग आपल्याकडे येण्याची वाट पाहिली. टिक, आणि उजवीकडे उजेड. दाबलं. टिक, आणि खाली उजेड. दाबलं. मग टिक, आणि काही नाही. टिक. काही नाही. यंत्राचा आवाज येत होता, म्हणजे उजेड कुठेतरी पडत होता; तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता. बटणावरचा अंगठा घामाने निसटायला लागला. नजर पळू पाहत होती, डावीकडे, एकदाच, फक्त काय आहे ते बघायला. तिने पळू दिली नाही. टिक. काही नाही. किती वेळ ते चाललं कोण जाणे. यंत्र थांबल्यावरही ती हनुवटी उचलायला तयार नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल, आणि दोन्हींत डाव्या कडेला शाई सांडावी तसा काळा पट्टा.

"काचबिंदू आहे. बऱ्याच दिवसांचा असावा. तुम्हाला जाणवलं कसं नाही?"

"मला सगळं दिसत होतं."

"कारण तुमची नजर सारखी फिरते. जिथे दिसत नाही तिथे ती लगेच जाऊन बघून येते. त्या सवयीने तुम्हाला इतके दिवस सांभाळलं, आणि त्याच सवयीने आजार लपवला. पण वेगात समोर आलेल्या वस्तूला तेवढा वेळ नसतो."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. उरलेलं राखता येईल. लेझर करू, रोज थेंब घालायचे, डोळ्यांतला दाब उतरतो का ते बघू. आज आलात ते बरं झालं. हा पट्टा मधोमध सरकला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

"आणि गाडी?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दाब उतरेपर्यंत नाही. मग दोन्ही डोळे एकत्र तपासू. त्यात बसलात तर दाखला देईन, नाही बसलात तर नाही देणार. मला खोटं लिहायला सांगू नका."

"सांगणार नव्हते," बाई म्हणाली. खरं तर सांगणार होती.

वाहनतळावर करडी गाडी उन्हात उभी होती. बाईने किल्ली काढली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. चढावरचं घर, ओळखीचा रस्ता, डोळे मिटूनही जाता येईल असा. वन्सं पलीकडच्या दाराशी उभ्या होत्या. दार उघडत नव्हत्या.

"बसा ना."

"नाही बसणार."

"शेवटचंच, वन्सं."

"तुम्ही बसलात तर मी इथून चालत जाईन," वन्सं म्हणाल्या. "पोचेन रात्रीपर्यंत."

त्या खरंच चालत गेल्या असत्या. गिरणीत त्यांच्यापुढे व्यवस्थापकही हरत असत. बाईने किल्लीवर मूठ आवळली, इतकी की तळव्यावर किल्लीच्या दात्यांचे वळ उठले. मग किल्ली टपावर ठेवली आणि विमावालीला फोन लावला.

"ते चालकाचं कलम," ती म्हणाली, "खरं आहे की छापण्यापुरतं?"

खरं होतं. तासाभरात एक पोक्त गृहस्थ आला. त्याने बाईची सीट मागे सरकवली, आरसा आपल्या सोयीने फिरवला. बाईला ते बघवेना. ती मुकाट्याने डाव्या सीटवर बसली, तिच्या जुन्या जागी. वन्सं मागे. पहिल्याच वळणावर गाडी आपोआप मंदावली.

"आजी," चालक म्हणाला, "गाडीत काही बिघाड आहे का? ब्रेक आपला आपणच लागतोय."

मागून वन्सं म्हणाल्या, "बिघाड नाही. शिक्षिका आहे."

मग बाई हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. पुसताना जपून पुसले.

लेझर झालं, थेंब सुरू झाले. पुढचे महिने तोच चालक येत राहिला, आणि बाईने त्याला आरसे बघायला नव्याने शिकवलं. त्याने ते सोसलं. मुलाने फोनवर घराचा विषय काढला तर वन्सं रिसीव्हर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गाडी चालू आहे रे. चालवणारा बदललाय." दाब उतरला. पट्टा जिथे होता तिथेच थांबला. दोन्ही डोळ्यांची एकत्र तपासणी झाली त्या दिवशी बाईने नजर अशी खिळवली की यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजी, पापणी लवू दे." दाखला मिळाला, फक्त दिवसाउजेडी चालवण्याचा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीच्या अटीवर. नाचण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या खेपेला तो मिळेलच असं नाही, हे तिला माहीत आहे.

गाडी पुन्हा हातात घेतली त्या दिवशी चौकातल्या गोलाशी येऊन तिने गाडी थांबवली, मान पूर्ण डावीकडे वळवून पाहिलं, आणि म्हणाली, "वन्सं, वाटलं तर खुशाल दाबा. फक्त ते 'छान थांबवलीत' म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"'दिसली नाही का' म्हणा."

इथपर्यंत तू तोडलं नाहीस, आभारी आहे. आता पुन्हा 'तू'. दाखला मिळाला त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. ऐटीत म्हणालीस, तो डावीकडचा ब्रेक आता काढून टाकू, तुझ्या गल्लीतला मेकॅनिक चांगला आहे ना, सोमवारी गाडी घेऊन येते, दोघी जाऊ. मी मेकॅनिकला सांगून ठेवलं होतं. सोमवारी तू आली नाहीस, आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर तू कितीदा तरी माझ्याकडे आलीस, करडी गाडी त्याच्या दुकानासमोरच लावलीस, चहा प्यायलीस आणि गेलीस. मेकॅनिक अजून मला विचारतो, त्या बाईंचा ब्रेक कधी काढायचा?