यादीतला अकरावा मुद्दा

आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी मिळतात, लॅपटॉप आणि माझी यादी. तेवीस मुद्दे, सहा वर्षांपूर्वी मी लिहिलेले, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले. लॅपटॉप बिघडतात, यादी बिघडत नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांना सांगत असे.

सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून आम्ही कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सगळा कोड गिटमध्ये असतो. कोणी काय बदललं याची नोंद ते ठेवतं, आणि कोणती ओळ कोणाची हे दाखवणारी त्यातली आज्ञा ‘ब्लेम’ नावाचीच आहे. आमच्या सरांना गिटमधली तेवढीच आज्ञा येते. दर सोमवारी प्रोजेक्टर लावून, चहा घेत, ते ती भिंतीवर चालवतात. देवळात घंटा वाजवावी तितक्या भक्तीने.

त्या सोमवारी सकाळपासून कन्हानचा काटा बंद होता. ट्रकांची रांग रस्त्यावर आली होती. पावती छापणारा प्रोग्राम सुरूच होईना, आणि फाइल समोर असताना मशीन म्हणत होतं की फाइल सापडत नाही. सरांनी ब्लेम चालवलं. आठशे ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या, रोज खाप्याहून बसने येणाऱ्या मुलीचं. तिला कायम करण्याचं पत्र त्याच दिवशी सहीसाठी सरांच्या टेबलावर होतं.

“काहून वं पोरी,” सर म्हणाले, “सगळंच नव्यानं लिहून काढलं?”

“सर, मी तीनच ओळी बदलवल्या.”

“मग मशीन खोटं बोलून राहिली का?”

मूळ प्रोग्राम लिहिणारा आमचा जुना सहकारी त्या दिवशी फार प्रसन्न होता. चार वर्षांच्या त्याच्या सगळ्या चुका एका सकाळीत तिच्या नावावर गेल्या होत्या. हिनं तर आपल्या सगळ्याइले रिटायर करून टाकलं, असं तो चहावाल्यालाही सांगून आला. सरांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

मी आधी कन्हान हातात घेतलं. ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन अदृश्य खुणा टाकतं, काट्यावरच्या लिनक्स मशीनला एकच खूण लागते. प्रोग्राम कशाने चालवायचा ते नाव पहिल्या ओळीत असतं; त्याला दुसरी खूण चिकटली होती आणि मशीन त्या चिकटलेल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसलं होतं. जास्तीच्या खुणा काढून फाइल पाठवली, दहा मिनिटांत ट्रक हलले. खुणा सोडून फरक पाहिला, तर खरंच तीन ओळी निघाल्या.

पण या खुणा गिटमध्ये शिरल्या कशा? आम्ही बाकी सगळे लिनक्सवर. विंडोजचा लॅपटॉप पहिल्यांदा तिला मिळाला होता. तिने माझी यादी काढून दाखवली. अकरावा मुद्दा, माझ्या ठसठशीत भाषेत: गिट बसवताना ओळींच्या शेवटाबद्दल विचारलं, तर ‘जसं आहे तसं ठेवा’ निवडा. तिने निवडलं होतं. तिचा एडिटर सेव्ह करताना फाइलीतल्या प्रत्येक ओळीला विंडोजच्या खुणा घालत होता आणि गिट त्या, माझ्या आज्ञेप्रमाणे, जशाच्या तशा ठेवत होतं; म्हणून ब्लेमच्या लेखी प्रत्येक ओळ तिनेच बदललेली.

मी तो मुद्दा दोनदा वाचला.

मग सरांना अकरावा मुद्दा दाखवला आणि म्हटलं, आता माझ्या यादीवर ब्लेम चालवा. यादीही गिटमध्येच असते, आणि वाय-फायचं नाव बदललं तेव्हा त्या मुलीनेच तिथे एक ओळ दुरुस्त केली होती. भिंतीवर तेवीसच्या तेवीस मुद्दे उमटले, सगळे तिच्या नावाने. शेजारीच पिवळी पडलेली लॅमिनेट केलेली प्रत होती, खाली माझी सही.

“ही यादी लागली तेव्हा ती शाळेत होती, सर.”

सर एकदा प्रोजेक्टरकडे, एकदा लॅमिनेशनकडे बघत राहिले. त्यांची घंटा पहिल्यांदाच बेसूर वाजली होती.

“मग हा अकरावा मुद्दा कोणाचा?”

“माझा.”

त्यांनी ड्रॉवर उघडला. सही करताना पेन चाललं नाही, तेव्हा माझंच मागितलं.

दुपारी आम्ही दोघींनी गिटमध्ये एक छोटी नियमांची फाइल टाकली: मशीन कोणाचंही असो, आत साठवताना ओळीचा शेवट एकाच पद्धतीचा. सगळ्या फाइली एकदम सरळ केल्या आणि खुणांच्या बदलांकडे दुर्लक्ष करायला ब्लेमला सांगितलं. जुन्या चुका आपापल्या मालकांकडे परतल्या.

यादी नव्याने लॅमिनेट केली. अकरावा मुद्दा आता त्या मुलीने लिहिला आहे. त्या ओळीवर आणि वाय-फायच्या ओळीवर ब्लेम चालवलं की तिचं नाव येतं, बाकीच्या एकवीसवर माझं.