सीमेवरच्या गावातली ओटी

तिसगावच्या बनुबाईला एकदा का हुरूप चढला, की तिला आवरायची कुणाची टाप नाही. तिचा लेक रविराज पार मिझोरामात, रस्त्याच्या कामावर सुपरवायझर. सून अश्विनी त्याच्याजवळच. मागच्या खेपेला तिचं पोर पोटातच गेलं, म्हणून या वेळी डॉक्टरनं प्रवासाला साफ मनाई केलेली. मग सातव्या महिन्यात तिची ओटी कोण भरणार? सून येत नाही तर ओटीच तिकडं जाईल, असं बनुबाईनं जाहीर केलं. हिरवी साडी, चुडा, खण, घरच्या रानातले गहू असं सगळं बांधून बाई विमानात बसली. पहिल्यांदाच! ढग दाखवून दाखवून तिनं शेजारच्या माणसाची झोप उडवली.

पुढं जीप. दिवसभर जंगल, जंगल आणि जंगल. झाडावर झाड, त्यावर वेल, आणि वरून ठिबकतंय ते निराळंच. संध्याकाळी गाव आलं. गाव कसलं, नदीच्या काठावर लाकडी खांबांवर उभी केलेली घरं. नदी दुथडी भरलेली आणि पल्याड बांगलादेश. बनुबाईनं डोळे फाडफाडून बघितलं. तिकडचा कोंबडा आरवला की इकडं ऐकू येतो, आणि म्हणे दुसरा देश! आणि पाणी? आपल्याकडं टँकर आला की हंड्यावरनं भांडणं, आणि इथं हे फुकट वाहून चाललंय. तिला हसावं का रडावं कळेना.

पण खरी पंचाईत पुढंच होती. बनुबाई विधवा. नवरा गेल्यापासून कुणाच्या ओटीला ती कधी पुढं झाली नाही. दाराआडनं बघायची, पुरणपोळ्या लाटून द्यायची, बस्स. आणि या पोटावर तर तिला आपली सावलीसुद्धा नको होती. एकदा हातचं गेलेलं, आता कसर राहायला नको. पाच सवाशिणी पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

आता त्या गावात सवाशीण ओळखायची कशी? कुणाच्या कपाळाला कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, हातात चुडा नाही. "बाई, तुझा नवरा जिता हाय का?" असं शुभकार्याच्या तोंडावर विचारायचं तरी कसं? रविराजनं तर हातच जोडले. मग बनुबाईनं आपली अक्कल चालवली. जिचं तोंड भरलेलं, जी खळखळून हसते, ती सवाशीण. दुःख काय लपतं होय? अशी तिनं बाजारातनं पाच जणी हेरल्या. त्यातली पाचवी आलं विकणारी लालरेमी. हिच्यासारखं तर गावात कुणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी हिरव्या साडीत पाटावर बसली. बनुबाई दारात उभी राहून हातवारे करकरून शिकवत होती आणि त्या बाया पदरात गहू घालत होत्या, खिदळत होत्या, रविराज मध्येच भाषा सांधत होता. लालरेमीनं तर कमालच केली. गहू घातले, वर घरची केळी घातली आणि अश्विनीच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ डोळे मिटून काहीबाही पुटपुटली. बनुबाईचा ऊर भरून आला. तिनं रविराजला सांगितलं, विचार हिला, हिच्या मालकालाबी जेवायला बोलाव.

लालरेमीनं खिडकीतनं वर टेकडीकडं बोट केलं. तिथं पांढरे क्रूस दिसत होते.

बनुबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. तिचा चेहरा बघून लालरेमीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. तिनं हळूच रविराजला काहीतरी विचारलं.

"आई, ती विचारतीय, माझं काही चुकलं का?"

बनुबाईनं त्या बाईकडं बघितलं. केळीचा घड देताना अख्खा जीव ओतला होता हिनं. हिला व्हय म्हणायचं? हिचे हात वाईट म्हणायचे? बनुबाईची जीभच रेटेना.

"न्हाई," ती म्हणाली. "सांग तिला, काय बी चुकलं न्हाई. तिच्यासारखी वटी कुनीच भरली न्हाई."

बोलून गेली आणि आपलंच बोलणं कानावर पडल्यावर जागच्या जागी थिजली. कारण लालरेमीचं चुकलं नाही, तर मग इतकी वर्षं दाराआड उभं राहून ती काय करत होती?

अश्विनी उठली नव्हती. पदर तसाच पसरून ती सासूकडं बघत होती.

"आत्या, या की."

बनुबाई दारातनं आत आली. तिनं गव्हाच्या सुपात हात घातला. पहिली ओंजळ पडली. मग दुसरी. मग तिसरी. आता तिला कोण थांबवणार! डोळ्यांना धार लागलेली, तोंडानं हसतेय आणि गहू ओततेच आहे.

"आत्या, पुरे, पदर फाटंल!"

"फाटू दे," बनुबाई म्हणाली. "म्या दुसरी साडी आनीन."