हौसाबाईचं बेडं

वालावलच्या खाडीकडे उतरणारी पायवाट हौसाबाईच्या अंगणातून जायची. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, तोंडाशी भोकं पाडलेले दोन दगडी खांब आणि त्यांत आडवे सारलेले बांबू, हे तिचं बेडं. गुरं शिरू नयेत म्हणून बांबू लावायचे, माणूस आलं की बाजूला सारायचे. वाडीत कुणी गेलं की मात्र हौसाबाई सगळे बांबू काढून ठेवी आणि खाडीकाठच्या मसणात गेलेली माणसं परतेपर्यंत लावत नसे. सासऱ्यांची ही रीत नवरा गेला त्या दिवशीही तिने मोडली नव्हती.

बासष्ट साली मुलगा सत्यवान गणपतीला मुंबईहून आला तो लोखंडी गेट घेऊनच. तो कामाला होता त्या गिरणीत गेट म्हणजे भोंगा, पहारेकरी आणि उशीर झाला की तोंडावर बंद होणारं दार. असं एक आपल्या ताब्यातलं असावं, हे त्याच्या मनात कधीपासून होतं. बघायला आलेले महादू गुरुजी म्हणाले, इंग्रजांच्या जुन्या बोलीत 'गेट' हा शब्द भिंतीतल्या मोकळ्या वाटेला होता, अडसर त्यात मागाहून आला.

"मगे आमचां बेडां काय वायट होतां?" हौसाबाईने विचारलं.

सत्यवानने जुने खांब उपटून सिमेंटचे बांधले. गाय घुसू नये एवढंच त्याने बघितलं. रुंदी राहिली एका माणसापुरती.

विसर्जनानंतर लवकरच शेजारचा बाबू तापाने गेला. तिरडी अंगणातून आली ती गेटाशी अडली. जोडीने चालणारे खांदेकरी त्यातून जाईनात. खालची वाट भातशेतीच्या पाण्यात बुडालेली. थोडं तिरकं करून गडग्यावरून पलीकडे देऊया, असं कुणीतरी हळूच सुचवलं. शेजारच्या अंगणातून बाबूची बायको सावित्री बघत होती. तिने मान खाली घातली.

हौसाबाई पुढे झाली.

"बाबूक गडग्यावरसून काढतल्यात? तो काय चोर आसा?" मग मुलाकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "सत्या, खांब पाड."

सत्यवान क्षणभर गेटाचा गज धरून उभा राहिला. मग पडवीतली पहार त्यानेच आणली. खांब पुरता सुकला नव्हता, तरी घाव बरेच लागले. तोवर कुणी तिरडी खाली टेकवली नाही. गेट आडवं झालं तसं त्याने ओढून बाजूला टाकलं, हात धोतराला पुसले आणि मागच्या दमलेल्या माणसाचा खांदा घेतला.

माणसं परतेपर्यंत हौसाबाई त्या उघड्या जागेपाशी बसून होती.