वाकोडे साहेबांच्या नावाचा ठराव

पुंजाजी सोळंके आमच्या टेंभूरखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होता. परिचर हा शब्द कागदावरचा. खरं काम म्हणजे म्हशीचं डोकं धरायचं, अडेल बैलाला दोरानं पाडायचं, आणि आठवड्यातून एकदा डाक घेऊन तालुक्याला जायचं. शिक्षण सातवी. बोलणं मोजकं.

चंद्रशेखर वाकोडे त्याचे साहेब. पशुधन पर्यवेक्षक. दोन-तीन वर्षांत बदलून जातील, असं धरून सुरुवातीला गावानं त्यांच्याकडे फार लक्ष दिलं नाही. खरोखरच एकदा त्यांची बदली जानेफळकडे झाली, तेव्हा मात्र लोक गाडी करून त्यांना परत मागायला गेले. दोन्ही वेळा मिळून चौदा वर्षं ते आमच्याकडे राहिले. सिंधूताईच्या म्हशीचं रेडकू पोटात आडवं आलं होतं. साहेबांनी शर्ट काढून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि दोन तास खपून रेडकू जिवंत बाहेर काढलं. शाळेची मुलं बघत उभी राहिली म्हणून मी, त्यांचा मास्तर, मुलांना हाकलायला गेलो आणि स्वतःच बघत राहिलो.

काही घरी साहेबांचा चहाचा कप वेगळा असे. गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पुंजाजीला ते दिसायचं, साहेबांनाही दिसायचं. चहा पिऊन कप विसळून ते जागेवर ठेवत आणि पुढच्या वेळी त्या घरून हाक आली की पुन्हा जात.

दोन हजार बावीसच्या पोळ्यानंतर लम्पी आला. गायी-बैलांच्या अंगावर गाठी, पायांना सूज. साहेब आणि पुंजाजी पहाटे निघायचे ते अंधार पडताना परतायचे. एके दिवशी दीडशेच्या वर जनावरं टोचून झाली. शेवटची गाय चांगुणाबाईची. ती झाल्यावर साहेब म्हणाले, "पुंजाजीभाऊ, जरा पाणी द्या." पुंजाजी तांब्या घेऊन आला तेव्हा ते गव्हाणीला टेकून बसले होते. तिथून ते उठले नाहीत. चौपन्न वर्षांचे होते.

शोकसभा दवाखान्याच्या अंगणातच झाली. सरपंच रामराव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या दवाखान्याले आपण वाकोडे सायबाचं नाव देऊ. हा माहा शब्द हाय." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण लोकांनी वाजवल्या.

पुंजाजी त्या नोव्हेंबरात निवृत्त झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, नावाचं काय झालं?"

"कोणाच्या नावाचं?"

त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला लाज वाटली. दीड महिन्यात मी विसरून गेलो होतो, आणि रामराव तर विसरलेच होते.

अर्ज मी लिहिला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत माणसं कमी भरली म्हणून सभा तहकूब झाली. मे महिन्यात भरली, तर एक सदस्य उठले. "नावाचं काऊन काढता? उद्या दुसरे म्हनतीन, आमच्या आज्याचं द्या. दवाखाना हाय तसाच बरा." मनातलं कोणी उघड बोललं नाही, पण मान डोलावणारी डोकी बरीच होती. रामरावांना आपला शब्द सगळ्यांसमोर गिळता येईना, म्हणून ठराव कसाबसा मंजूर झाला. परतताना पुंजाजीच्या चुलतभावानं त्याला टोकलं, "तुले काय पडलं बे? तो तुह्या नात्यातला होता का?"

"त्या मानसानं तुह्ये चार बैल वाचवले," पुंजाजी म्हणाला. "तवा नातं इचारलं होतं का तू?"

ठरावाची नक्कल हातात आली तेव्हा तिच्यात 'चंद्रकांत वाकोडे' असं नाव होतं. ग्रामसेवक म्हणाले, दुरुस्तीही ग्रामसभेतच करावी लागेल. म्हणजे पंधरा ऑगस्ट. एका नावातली अर्धी अक्षरं बदलायला साडेतीन महिने गेले.

मग कागद तालुक्याला गेला आणि तिथून जिल्ह्याला. तिथून उत्तर आलं, सेवापुस्तकाचा उतारा जोडा. तो जोडला तर मृत्यूचा दाखला. तो जोडला तर वारसांचं संमतीपत्र. साहेबांच्या पत्नी महामायाबाई चिखलीला राहतात. त्यांनी एका शब्दानं न विचारता सही केली. ते पोचवलं, तर ठरावाची मूळ प्रत सापडत नाही, दुसरी आणा. दर महिन्याला पुंजाजी पांढरी टोपी घालून पहिल्या एसटीनं निघायचा. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची डाक त्या टेबलांवर नेऊन ठेवली होती. टेबलापलीकडचा माणूस मान वर करत नाही याची त्याला सवय होती. तरी एकदा तो संतापून परतला. बाबूनं विचारलं होतं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"काय सांगितलं मग?" मी म्हणालो.

"म्हनलं, मी त्याईचा शिपाई हाय. तं तो हासला, गुरुजी."

दरम्यान उंद्रीच्या रस्त्याला नवीन दवाखाना मंजूर झाला आणि आमच्या पाहण्यात भराभर उभाही राहिला. सरकारी काम एवढ्या लवकर होऊ शकतं हे बघून मला जास्त राग आला. पंचवीसच्या जानेवारीत उद्घाटन झालं. संगमरवरी फरशीवर अकरा जणांची नावं होती, सगळी जिवंत माणसं. महामायाबाईंना बोलावणं गेलं नव्हतं. जुन्या दवाखान्याला कुलूप लागलं. पंचायतीनं तिथं पाइप आणि फुटके दिवे भरून ठेवले.

मार्चमध्ये आदेश आला. नाव मंजूर. पुंजाजी घाईनं कागद घेऊन आला आणि मी चष्मा लावून वाचू लागलो. 'ग्रामपंचायतीच्या प्रस्तावानुसार सदर सध्याच्या इमारतीस' असं त्यात लिहिलं होतं आणि पुढं जुन्या इमारतीचा मिळकत क्रमांक होता.

'सध्याची इमारत' हे माझे शब्द होते. अर्ज नेमका असावा म्हणून मी ते मुद्दाम घातले होते. चाळीस वर्षं मुलांना नेमकं लिहायला शिकवलं, आणि एवढी नेमकी चूक माझ्याच हातून झाली. पुंजाजीला मी तसं सांगितलं. त्यानं कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाला, "तुमाले काय मालूम, गुरुजी, नवी बांधतीन म्हून."

रामराव मात्र खूश झाले. "झालं ना तुह्यं काम? बोर्ड लावून टाकू जुन्याले."

पुंजाजी आदेश घेऊन चिखलीला गेला. मीही सोबत होतो. महामायाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"भाऊ, कुलूप लावलेल्या घराले त्याईचं नाव नका लावू," त्या म्हणाल्या. "लावाचं असन तं जिथं जनावरं येते तिथं लावा. नाईतर राहू द्या. मी तुमाले कधी म्हनलं नाई, नाव द्या म्हून."

ते शेवटचं वाक्य पुंजाजीला लागलं. परतीच्या एसटीत अमडापूर मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

एक मेच्या ग्रामसभेत तो पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. हातात कागद नव्हता. त्यानं लम्पीच्या त्या दिवशीचे गोठे नावानिशी सांगायला सुरुवात केली. कोणाच्या किती गायी, कोणाचे किती बैल, कोणत्या घरी साहेबांना पाणी मिळालं आणि कोणत्या घरी नाही. गेल्या वेळी विरोध करणारे सदस्य चपलेकडे बघत बसले. बायकांमधून चांगुणाबाई म्हणाली, "माह्या गोठ्यात जीव गेला त्याईचा. लिहा ठराव." नव्या इमारतीसाठी ठराव झाला. एकही हात विरोधात वर गेला नाही. यावेळी नाव मी स्वतः अक्षर-अक्षर तपासलं.

जूनमध्ये आम्ही दोघं जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. बाबू नवीन होता, तरुण आणि बोलायला नम्र. त्यानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हे नाव तुमच्या गावात एका इमारतीला आधीच दिलेलं आहे. एका गावात एकाच नावाच्या दोन शासकीय इमारती करता येत नाहीत. आधी पहिला आदेश रद्द करून घ्या."

"म्हंजे?"

"म्हणजे जुन्या इमारतीचं नाव काढून टाकावं, असा अर्ज करा. तो मंजूर झाला की हा प्रस्ताव घेऊ."

त्या पोरावर चिडताही येईना. तो नियमच सांगत होता. बाहेरच्या बाकावर बसून मी कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं, 'कै. चंद्रशेखर वाकोडे यांचे नाव सदर इमारतीवरून काढून टाकण्यात यावे, ही विनंती.' पुंजाजीनं वाचून दाखवायला सांगितलं.

"काढून टाका, असं नका लिहू," तो म्हणाला.

मी 'कमी करण्यात यावे' लिहिलं. तेही त्याला नको होतं. 'रद्द' तर मी लिहिता लिहिताच खोडलं. दोन कागद वाया गेले. जेवणाची सुट्टी होत आली होती आणि बाबू घड्याळाकडे बघत होता. शेवटी पुंजाजीनं पहिलाच कागद मागून घेतला. सही करताना त्याचा हात इतका जोरात दाबला गेला की अक्षरं मागच्या बाजूला उमटली. शिक्का मारलेली पोच त्यानं टोपीखाली ठेवली, आणि आम्ही एसटी स्टँडकडे चालू लागलो.

त्याला आता सात महिने झाले. अर्ज विचाराधीन आहे, असं कळवलं आहे. नव्या दवाखान्यात आलेल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, कामसू आहेत. परवा त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, हे वाकोडे कोण होते हो? ते म्हातारे गृहस्थ दर सोमवारी येतात आणि वाकोडेंच्या नावाचं काही पत्र आलं का विचारतात."