बोलणारा टेकू

कुठल्याही खोलीत शिरल्या की त्या आधी वर बघायच्या. मग जाळी काढायची काठी उचलून छताला दोन ठोके द्यायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. "हं, भरीव आहे. बसा."

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या शाळेच्या त्या ग्रंथपाल. ऑफिस मी सांभाळते, आणि माझ्या कामांच्या यादीत त्यांच्या तक्रारींना वेगळा रकाना होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहाला हवीशी, मीटिंगमध्ये नकोशी.

बाईंचे वडील छिंदवाड्याकडच्या कोळसा खाणीत होते. खाणीचं छत ठोकून बघायचं आणि त्याला टेकू लावायचं काम. "लोखंडी टेकू वजन जास्त पेलतो, पण न सांगता वाकतो," बाई सांगायच्या. "लाकूड आधी करकरतं. तेवढ्यात माणसं बाहेर पळतात. बाबा म्हणायचे, बोलतो तो टेकू." पुढे वर्तमानपत्रांत सरकारांना टेकू मिळायला लागले, तेव्हा बाई हसायच्या. "हे कुठे बोलतात? नुसते उभे!" आता तर इंदुरात सगळे सपोर्टच म्हणतात.

मागच्या गॅदरिंगआधी त्यांनी शाळेच्या हॉलचं छत ठोकलं. जिथे लहान मुलं बसतात, नेमका तिथेच आवाज पोकळ आला. संस्थेच्या अध्यक्षांनी इंजिनिअर बोलावला नाही. हॉल सुरक्षित असल्याचा कागद केला आणि आमच्या सह्या मागितल्या.

"बाई, इतकं टेन्शन नका घेऊ यार," अध्यक्ष म्हणाले. "जुनं माणूस तुम्ही. जरा टेकू द्या आम्हाला."

"देतेय की सर. करकरतेय, ऐकू येत नाही का?"

सगळे हसले. अध्यक्ष नाही. "तुमची मुदतवाढ माझ्याच टेबलावर आहे, बाई."

"मग राहू द्या तिथेच."

गॅदरिंगच्या सकाळी बाई हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पालक चिडले, अध्यक्ष ओरडले. "मुलांना आत न्यायचंय? मग आधी मला उचला." कोणी उचललं नाही. मुलं अंगणात, उन्हात नाचली. बाईंना मुदतवाढ मिळाली नाही. त्या छिंदवाड्याला भावाकडे राहायला गेल्या.

छत अजून पडलेलं नाही. आमचा शिपाई फोनवर त्यांना चिडवतो, "बाईजी, छत तो वहीं का वहीं है!"

"असू दे रे. खाली मुलं नाहीत ना?"

यंदा तोच कागद पुन्हा फिरला. मी लिहिलं, 'आधी इंजिनिअर आणा', आणि खाली सही केली. माझ्यानंतर सगळ्यांनी तेच लिहिलं.

"ताई, आता तुम्ही सुरू झालात?" अध्यक्ष म्हणाले.

मी त्यांच्यापुढे सामानाची यादी ठेवली. मांडव, माइक, सतरंज्या. वर ठळक लिहिलं होतं: अंगण.